उत्तरदाती क्रमांक सत्तेचाळीस

मी दहावी नापास आहे आणि आजवर अकरा पीएचड्या माझ्या हातून झाल्या आहेत.

वर्ध्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्स, टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे. लोक हाताने लिहिलेला गठ्ठा आणून टाकतात, "चंद्रभानजी, सोमवारपर्यंत पाह्यजे," म्हणतात आणि चालू पडतात. मी टाइप करतो. टाइप करता करता वाचतो, कारण डोळे मिटून टाइप करता येत नाही. शाळेने दहा वर्षांत जे शिकवलं नाही ते दुसऱ्यांच्या प्रबंधातल्या चुका सुधारताना मी शिकलो, आणि हे मी कुणाची माफी मागत सांगत नाही. अकरापैकी चार प्रबंधांचा शेवटचा परिच्छेद माझा आहे. कोणते चार, ते सांगणार नाही. ते लोक आता पोरांना शिकवतात.

सगळ्या प्रबंधांचा शेवट एकच असतो. "शासनाने या निष्कर्षांची दखल घ्यावी." हे वाक्य आलं की माझी बोटं मला न विचारता चालतात. शासनाने दखल घ्यावी हे शासनाला जाऊन सांगणार कोण, हे मात्र अकरापैकी एकाही प्रबंधात लिहिलेलं नाही.

आता गंमत अशी की शासनही माझ्याकडेच येतं. जिल्ह्यात आरोग्याचं एक कार्यालय आहे. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर खुलासा टाइप करायला ते माझ्याकडेच येतील. तिथला कॉम्प्युटर बहुतेक वेळ दुरुस्तीला असतो, म्हणून त्यांच्या टिपण्या माझ्याकडे. माझ्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरचं नाव आहे 'विद्यापीठ' आणि दुसऱ्याचं 'सरकार'. दोन्ही एकाला एक लागून आहेत. आत कुणीही कुणाशी बोलत नाही.

तर ऑक्टोबरात नमिता मॅडमचा प्रबंध आला. तीनशे बारा पानं. विषय: ग्रामीण स्त्रिया आणि दवाखान्याच्या वेळा. मॅडम स्वभावाने चांगल्या, एका विद्यापीठात शिकवतात, चहा दिला तर कप स्वतः विसळून ठेवतात. प्रबंधात गावाचं नाव नव्हतं, 'गाव क' असं होतं. एकसष्ट बायकांच्या मुलाखती होत्या, त्यांचीही नावं नव्हती, नुसते नंबर. दोनशे चौथ्या पानावर मी अडकलो.

"उत्तरदाती क्रमांक ४७. वय ५२. रक्तदाबाचा त्रास. दवाखाना सकाळी नऊ ते एक उघडा असतो. त्या वेळी उत्तरदाती कापूस वेचायला शेतात असते. सायंकाळी सहाला परतते. गेल्या साडेतीन महिन्यांपासून गोळ्या बंद. रक्तदाब मोजण्याविषयी तिचे मत: मशीन खोटी हाय, मी खरी हाय."

हे वाक्य अख्ख्या पृथ्वीवर एकच बाई बोलू शकते आणि ती माझी सख्खी वहिनी आहे.

आमचं गाव पवनारच्या पुढे, धाम नदीच्या काठाने. मी रोज मोटरसायकलने येणं-जाणं करतो. भागीरथा वहिनीच्या हातचं खाऊन मी मोठा झालो, कारण मी लहान असतानाच आई गेली. मागच्या हंगामात वहिनी कपाशीच्या ओळीत चक्कर येऊन पडली होती. मोठ्या डॉक्टरांनी तेव्हा दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की गोळी एकही दिवस चुकवायची नाही. दुसऱ्यांदा अशी पडली तर अर्धं अंग जाईल. आणि मुलाखतीच्या वेळीच साडेतीन महिने गोळ्या बंद, हे मला घरात नाही तर दोनशे चार नंबरच्या पानावर कळलं.

संध्याकाळी तडक तिच्याकडे गेलो. "वहिनी, गोळ्या काऊन बंद केल्या?"

"तुले कोनं सांगतलं?"

"पुस्तकात छापून आलं."

"ते पोरगी मोठी इमानदार निघाली," वहिनी म्हणाली. "नाव नाई सांगत म्हने, आन् मंग सगळंच सांगून टाकलं."

मी म्हटलं, मी गोळ्या विकत आणून देतो. त्यावर ती म्हणाली, "दर महिन्याले पट्टा बांधून पाहा लागते. गोई वाढवाची का कमी कराची, ते कोन सांगन? तुई झेरॉक्स?" आणि ऐन वेचणीत सकाळची वेळ दवाखान्याला देणं म्हणजे फुटलेला कापूस वाऱ्यावर सोडणं. गावातल्या सगळ्या बायांचं हेच. दवाखाना उघडा असतो तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि कुत्री. बाया येतात तेव्हा कुलूप. तिथली आकांक्षा सिस्टर दवाखान्याच्याच क्वार्टरमध्ये राहते. ती मला म्हणाली, "भाऊ, मी संध्याकाळी बसायला तयार आहे. सकाळी मी माशाच मारते. पण वेळ बदलायचा कागद पाहिजे."

त्याच आठवड्यात कार्यालयाची टिपणी टायपिंगला आली. "सायंकाळी दवाखाना सुरू ठेवण्याबाबत विश्वासार्ह संशोधन उपलब्ध नसल्याने प्रस्ताव प्रलंबित ठेवण्यात येत आहे." मी टाइप केली, 'सरकार'मध्ये ठेवली आणि शेजारच्या फोल्डरकडे पाहिलं. संशोधन बोटभर अंतरावर होतं. मला वाटलं, हे काय, एका दिवसाचं काम. याचं त्याला नेऊन द्यायचं.

माणसाने आयुष्यात 'एका दिवसाचं काम' असं कधी म्हणू नये.

मी प्रबंध उचलून कार्यालयात गेलो. तिथे आवक टेबलावर हिरालालबाबू बसतात. आवकचा शिक्का ते कुणाच्या हाती देत नाहीत. फार पूर्वी कुणीतरी मागची तारीख मारून त्यांना अडचणीत आणलं होतं. तेव्हापासून शिक्का आणि शाईचं पॅड कापडी पिशवीत घालून ते घरी नेतात. लग्नाला गेले तरी पिशवी सोबत असते. त्यांनी प्रबंध हातात तोलला आणि परत दिला.

"हे असं खाजगी माणसाकून नाई घेता येत, चंदूभाऊ. विद्यापीठाचं पत्र पाह्यजे. योग्य मार्गे."

मी मॅडमना फोन केला. मॅडमना आनंद झाला, पण प्रबंध विभागप्रमुखांच्या मार्फतच जायला हवा. विभागप्रमुख म्हणाले, आम्ही आपण होऊन कुणाच्या दारात जात नाही, कार्यालयाने मागणी करावी. कार्यालयातले मोठे साहेब म्हणजे डेकाटे साहेब. ते म्हणाले, विद्यापीठाकडून प्रस्ताव आल्याशिवाय मागणी कशी करणार. दोघांनी तसं लेखी दिलं. दोन्ही पत्रं टाइप कुणी केली? मी. सकाळी "मागणी प्राप्त झाल्यास", दुपारी "प्रस्ताव प्राप्त झाल्यास". मध्ये जेवलो.

शेजारी बंडूजींची चहाची टपरी आहे. सल्ला ते चहाबरोबर देतात, मागावा लागत नाही. "तू मधात पडूनच राह्यला तं नीट पड न," ते म्हणाले. "पत्रावर तारीख एकच टाक. दोघायलेही वाटन का समोरच्यानं आधी लिवलं." मी एकाच तारखेचं मागणीपत्र आणि प्रस्ताव टाइप करून दोघांच्या सह्या घेतल्या. हा अपराध असेल तर असो. प्रबंध एकदाचा आवक झाला.

पंधरा दिवसांनी त्रुटी निघाली. हिरालालबाबूंनी जिल्ह्याच्या गावांची यादी समोर धरली आणि बोट वरून खालपर्यंत नेलं. "क नावाचं गाव आपल्या यादीत नाई."

मी समजावलं की नाव मुद्दाम लपवलंय. ते म्हणाले, "मंग दवाखान्याची वेळ कुठं बदलवाची? लपवलेल्या गावात?" खोटं बोलत नव्हते. मी मॅडमना म्हटलं, नाव सांगून टाका. मॅडमचा चेहरा पडला. "चंद्रभानजी, मी त्या बायकांना शब्द दिलाय. माझ्या तोंडून नाव जाणार नाही." त्यांचंही खरं होतं. या भानगडीत सगळ्यांचंच खरं होतं आणि त्या खऱ्याखाली माझी वहिनी गोळीविना कापूस वेचत होती.

दुसरी त्रुटी अशी की तीनशे बारा पानं वाचायला साहेबांना वेळ नाही, अर्ध्या पानात सादर करावं. विभागप्रमुख म्हणाले, सहा वर्षांचं संशोधन अर्ध्या पानात मागणं हा ज्ञानाचा अपमान आहे, किमान चाळीस पानं. मी रागाच्या भरात एका दुपारी बसून स्वतःच अर्धं पान लिहिलं. पंधरा ओळी. कोण, किती, कुठल्या वेळी, काय पाहिजे. मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "हे मी आधीच लिहायला हवं होतं." पण सहीसाठी पुन्हा विभागप्रमुख आडवे. ते अर्धं पान घडी करून मी खिशात ठेवलं.

डिसेंबरात वहिनीला पुन्हा भोवळ आली. पडली नाही, कपाशीची पऱ्हाटी धरून खाली बसली. दादाने मला फोन करून फक्त एवढंच विचारलं, "तुह्यावाला कागद कुठपर्यंत आला?"

मग मी बंडूजींचं पुन्हा ऐकलं, ही दुसरी चूक. ते म्हणाले, दोघांना एका हॉलमध्ये समोरासमोर बसवा. समन्वय बैठक ठरली. बॅनर माझ्याकडे. विद्यापीठाचं म्हणणं, डॉक्टर पदवी आहे म्हणून प्रमुखांचं नाव वर. कार्यालयाचं म्हणणं, साहेबांचा दर्जा मोठा. मी डोकं चालवून दोन्ही नावं गोलात छापली. त्यावर गोल कुठून वाचायला सुरुवात करायची यावरून फोन आले.

हॉलमध्ये उंच पाठीची खुर्ची एकच होती. विभागप्रमुख आधी आले आणि तिच्यात बसले. डेकाटे साहेब दारापर्यंत आले, त्यांनी खुर्ची पाहिली, मग घड्याळ पाहिलं आणि त्यांना तातडीचा दौरा आठवला. उरलो मी, मॅडम आणि हिरालालबाबू. आम्हा तिघांसमोर विभागप्रमुख 'ज्ञान आणि धोरण यांमधील सेतू' या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. मध्येच हिरालालबाबू माझ्या कानाशी लागले. मला वाटलं, काही मार्ग सुचला असेल. ते म्हणाले, "चंदूभाऊ, तेवढ्यात हे तीस पानं झेरॉक्स मारून आनता का?"

मी गेलो आणि तीस पानं मारून आणली. हे मी लिहितोय कारण अपमान लपवून ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. परत आलो तर विभागप्रमुख मला विचारतात, "आपण कोण?" मी म्हटलं, "मी तो सेतू." ते हसले, त्यांना विनोद वाटला. त्या बैठकीचं इतिवृत्त मीच टाइप केलं: बैठक खेळीमेळीत पार पडली आणि पुढील बैठकीची तारीख ठरवण्यासाठी बैठक घेण्याचे ठरले.

त्या दिवशी घरी गेलो आणि वहिनीच्या ओट्यावर बसून सांगितलं, "माह्याच्यानं होत नाई."

वहिनी तूर निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मी पडली होती तवा तुह्या दादानं वावरातल्या मारुतीले रोडगे कबूल केले होते. ते अजून राह्यलेच हायत. त्या दोघायले रोडग्याले बोलव."

"ते कायले येतील?"

"मीटिंगले माणूस नाई म्हनू शकते. परसादाले म्हनते का कोनी?"

दुकानात अकरा पीएचड्या पडल्या होत्या आणि हे एकीलाही सुचलं नव्हतं.

ज्याने वऱ्हाडी रोडगे खाल्ले नाहीत त्याच्यासाठी दोन ओळी. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. त्याला दोन तास लागतात आणि साहेब आला म्हणून निखारा घाई करत नाही. मग जमिनीवर पंगत. पंगतीत खुर्ची नसते, म्हणून उंच पाठीचा प्रश्न येत नाही. आणि आमच्याकडे शेवटच्या माणसाचं आटोपल्याशिवाय पंगतीतून कुणी उठत नाही. नवसाच्या पंगतीतून तर नाहीच. उठला तो माणूस गावाच्या तोंडी कायमचा बसतो.

मी पत्रिका छापली. 'विषय' नाही, 'संदर्भ' नाही. नुसतं मारुतीचं चित्र आणि खाली 'रविवारी दुपारी चारला महाप्रसाद'. डेकाटे साहेब आले. विभागप्रमुख आले. नमिता मॅडम आल्या. हिरालालबाबू आले, काखेत पिशवी. बंडूजी तर फुकट सल्ल्यासकट आले. शेजारी-शेजारी दोन पत्रावळी उरल्या होत्या, तिथे साहेब आणि विभागप्रमुख मांडीला मांडी लावून बसले. चार महिने जे टपालाने जमलं नाही ते वांग्याच्या भाजीने पाच मिनिटांत जमवलं.

पंगत बसता बसता सहा वाजले. शेताच्या धुऱ्यावरून गावच्या बाया यायला लागल्या, कमरेला कापसाच्या ओट्या, म्हणजे वेचणीच्या झोळ्या, तशाच बांधलेल्या. आल्या आणि समोरच्या ओळीत बसल्या.

वहिनी तुपाचं भांडं घेऊन साहेबांसमोर आली. "साहेब, दवाखाना किती वाजता उघडते?"

"नऊला." साहेबांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"बंद?"

"एकला."

"आन् ह्या बाया कितीले आल्या?"

साहेबांनी समोर पाहिलं. "आत्ताच. सहाला."

"मंग हात काढा," वहिनी म्हणाली आणि तूप ओतलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, मला कळतं. पण मलाही वर उत्तर द्यावं लागतं. कागदाशिवाय वेळ बदलली आणि सकाळी कुणी परत गेलं तर माझ्यावर येईल. संशोधन अर्ध्या पानात पाहिजे."

विभागप्रमुख घास गिळून म्हणाले, "संशोधन आहेच. संक्षेप हवा तर आपण रीतसर मागणी करावी."

"आपण रीतसर—" साहेब सुरू झाले.

माझ्या हातात वरणाची बादली होती. ती मी खाली ठेवली.

"साहेब, सर, दोघंही ऐका," मी म्हटलं. "तुमचं त्यांना गेलेलं प्रत्येक पत्र मी टाइप केलं. त्यांचं तुम्हाला आलेलंही मीच टाइप केलं. चार महिने तुमचा जो काही समन्वय झाला तो माझ्या दहा बोटांत झाला. मॅडमनी तीनशे बारा पानांत लिहिलं की बाया सहाला येतात. साहेब, तुम्हाला ते अर्ध्या पानात पाहिजे होतं. सरांना चाळीसच्या खाली यायचं नव्हतं. आणि जिच्यावर हे लिहिलं ती तुम्हाला तूप वाढून राह्यली आहे. आता उठून दाखवा."

बंडूजी हळूच म्हणाले, "इतकं नोको बोलू." मी बोललो होतो. शब्द बादलीत परत जात नाहीत.

मग हिरालालबाबूंना कंठ फुटला. "पन गावाचं नाव? क?"

मॅडम म्हणाल्या, "मी सांगू शकत नाही." मग समोरच्या ओळीकडे बघत म्हणाल्या, "त्या सांगू शकतात. कागद त्यांचा आहे."

वहिनीने तुपाचं भांडं दादाकडे दिलं, कमरेची पिशवी काढली आणि रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकमधून एक घडी केलेली चिठ्ठी उलगडली. मुलाखतीच्या आधी मॅडमनी प्रत्येकीकडून संमती घेतली होती आणि एक प्रत तिच्याजवळ दिली होती. वर नंबर, खाली गाव आणि सही. "मी सत्तेचाळीस," वहिनी म्हणाली. "हे माह्यं गाव. हे माह्यी सही. यादीत पाहून घ्या."

आमच्याकडच्या बाया सरकारी दिसणारा कुठलाही कागद फेकत नाहीत. समोरच्या ओळीतून आवाज आला, "मी बारा." मग, "मी तेहेतीस, माह्यी चिठ्ठी घरी हाय, आनतो." एक म्हातारी म्हणाली, "मले नंबर आठवत नाई, पन माहा आंगठा हाय त्याच्यावर."

मी खिशातलं अर्धं पान काढलं. चार ठिकाणी घडीवर फाटायला आलं होतं. मॅडमनी ते घेतलं आणि प्रमुखांकडे न बघता डाव्या हाताने सही केली, कारण उजवा हात वरणात होता. प्रमुखांच्या तोंडात अख्खा रोडगा होता. त्यांना हरकत घ्यायची होती पण रोडगा चावल्याशिवाय बोलता येत नाही, आणि वहिनीचे रोडगे लवकर चावून होत नाहीत.

साहेबही डाव्या हाताने लिहू लागले तर हिरालालबाबू म्हणाले, "साहेब, सही जुळनार नाई."

साहेब उठू लागले. वहिनीने तांब्या पुढे केला. "हात हितंच धुवा. उठू नोका."

साहेबांनी पंगतीत बसूनच हात धुतला, रुमालाला पुसला आणि अर्ध्या पानाच्या उरलेल्या जागेत लिहिलं: प्रायोगिक तत्त्वावर तीन महिने, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सायंकाळी पाच ते साडेसात. हिरालालबाबूंनी पिशवी उघडली, पॅडवर शिक्का दाबला आणि रविवार असूनही सोमवारची तारीख मारली. कागदावर तुपाचा एक डाग पडला. तो अजून फायलीत आहे.

आदेश टाइप करायला अर्थात माझ्याकडेच आला. मसुद्यात होतं, "विद्यापीठ व शासन यांच्यातील यशस्वी समन्वयातून हा निर्णय घेण्यात येत आहे." वहिनीचं नाव नाही, रोडग्यांचं नाही, माझं तर नाहीच. मी अक्षर न बदलता टाइप केलं. मॅडमना त्यांच्या विभागप्रमुखांनी शिस्तीबद्दल एक कडक पत्र दिलं. ते मात्र त्यांनी दुसऱ्या दुकानात टाइप करून घेतलं, एवढी भीती मी निर्माण करू शकलो याचं समाधान आहे.

बुधवारी वहिनी कापसाच्या ओटीसकट दवाखान्यात गेली. आकांक्षा सिस्टरने पट्टा बांधला, आकडा पाहिला, गोळी एकाची दीड केली आणि महिन्याची पाकिटं हातात दिली. पुढच्या महिन्यात आकडा खाली आला. मी वहिनीला विचारलं, "आता मशीन खरी हाय का खोटी?"

"सुदरून राह्यली," वहिनी म्हणाली.

आता तीन महिने संपत आलेत. मुदतवाढीच्या आदेशाचा मसुदा परवा टायपिंगला आला. आदेशात सगळ्यांत वर 'संदर्भ' म्हणून एक रकाना असतो. तो कुणीच वाचत नाही, सही करणारा तर नाहीच. मसुद्यात तिथे चार पत्रांचे क्रमांक होते, चारही माझ्याच कीबोर्डवरून गेलेले. मी त्या चारांच्या वर पाचवी ओळ टाकली आणि कागद पाठवून दिला. सही होऊन, शिक्का बसून तो काल परत आला. फाइल उघडून कुणीही पाहावं.

संदर्भ १: उत्तरदाती क्रमांक ४७, समक्ष.